दुसरी नळी नेमकी कधी लागणार?

पत्र

नमस्कार दादा. परवाना घेऊन शिकार करायला लागून मला बरीच वर्षं झाली. माझ्याकडे .३०८ काडतुसाची एक साधी बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढायची) रायफल आहे आणि तिच्यावर बऱ्यापैकी स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, आहे. हंगामात हरीण आणि रानडुक्कर, बहुतेक बार मचाणावरून, दीडशे मीटरच्या आत. गेल्या हंगामात एका सोबत्याची ब्लेझर आर८, म्हणजे नळी बदलता येणारी रायफल, हातात घेतली आणि तेव्हापासून डोक्यातून ती जातच नाही. माझा विचार असा आहे: दस्ता एक, चाप एक, नळ्या तीन. कोल्ह्यासाठी .२२३, नेहमीच्या कामाला .३०-०६, आणि कधीतरी आफ्रिकेत रानम्हशीमागे जायचं स्वप्न आहे म्हणून .३७५ एच अँड एच. तीन रायफली घेण्यापेक्षा हे स्वस्त पडेल ना? दुकानदार म्हणतो, नळी काढून पुन्हा लावली तरी नेम हलत नाही. सोबती म्हणतो, दरवेळी तपासावाच लागतो. बायको म्हणते, आहे त्या रायफलीत काय वाईट आहे? पैसे साठवलेत, पण एवढा खर्च एकदाच करता येईल. घेऊ का? आणि घेतली तर जुनी विकू का?

— तीन नळ्यांत अडकलेला

उत्तर

तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न तुमच्या बायकोने विचारलाय, म्हणून आधी त्यांनाच उत्तर देतो. आहे त्या रायफलीत काहीही वाईट नाही. मचाण, दीडशे मीटर, हरीण आणि डुक्कर एवढ्या कामाला .३०८ पुरून उरतं.

त्यातून तुम्ही 'नेहमीच्या कामाला' म्हणून निवडलेली नळी .३०-०६ ची आहे. .३०-०६ हे १९०६ सालचं काडतूस. .३०८ विंचेस्टर १९५२ मध्ये आलं तेच मुळी जवळपास तेवढंच काम आखूड काडतुसात करायला. दोन्हींत त्याच व्यासाची गोळी बसते. त्याच वजनाच्या गोळीला .३०-०६ सेकंदाला साधारण तीसेक मीटर जास्त वेग देतं. जड गोळ्या वापरणाऱ्याला किंवा लांबवर मारणाऱ्याला त्याचा थोडा उपयोग आहे. दीडशे मीटरवरच्या डुकराला तो फरक कळत नाही. म्हणजे तुमच्या तीन नळ्यांपैकी जी रोज वापरली जाणार, ती नळी तुमच्याकडे आजच आहे, फक्त वेगळ्या दस्त्यात. तुमचा तीन नळ्यांचा हिशेब मला पहिल्यांदा खटकला तो इथे.

या रायफली एवढ्या महाग का, आणि तो पैसा वाया जातो का, हेही बघायला हवं, कारण त्यांची यंत्रणा खरोखर हुशारीची आहे.

नेहमीच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीत, १८९८ च्या माउझरपासून चालत आलेल्या पठडीत, नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या मधल्या सांगाड्यात, आट्यांवर घट्ट पिळून बसवलेली असते आणि बोल्टचे (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याचे) लग, म्हणजे कंगोरे, रिसीव्हरमध्ये अडकतात. नळी बदलायची तर ती व्हाइसमध्ये धरून सोडवायची, नवी बसवायची आणि मग हेडस्पेस गेज लावून तपासायचा. हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या पोकळीत) काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर. ते जास्त झालं तर काडतुसाचं कवच ताणलं जाऊन फाटू शकतं, कमी झालं तर बोल्ट बंदच होत नाही. म्हणून हे काम गनस्मिथचं.

स्विच-बॅरल, म्हणजे नळी बदलता येणाऱ्या, रायफलीने ही अडचण मुळातूनच काढून टाकली. तिथे बोल्ट रिसीव्हरमध्ये अडकतच नाही, तो थेट नळीत किंवा नळीच्या मागच्या जोडतुकड्यात अडकतो. ब्लेझरमध्ये बोल्टच्या टोकाशी पाकळ्यांसारखा चिरलेला कॉलेट असतो. बोल्ट पुढे ढकलला की तो फाकतो आणि नळीच्या आतल्या खाचेत चहूबाजूंनी बसतो. झुलच्या मेर्केल कारखान्याच्या हेलिक्समध्ये फिरणारं बोल्टहेड, म्हणजे बोल्टचं पुढचं टोक, असतं, पण तेही नळीच्या जोडतुकड्यातच अडकतं. त्यामुळे हेडस्पेस नळीबरोबर कारखान्यातूनच ठरून येतो. तुम्ही फक्त नळी बसवायची. आर८ मध्ये दस्त्यातले दोन नट एका चावीने सैल केले की नळी वर उचलली जाते आणि ते नट दस्त्यातच राहतात, गवतात पडून हरवत नाहीत. हेलिक्सला चावीसुद्धा लागत नाही. हे सगळं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जुळवून करावं लागतं आणि पैसा तिथे जातो. नुसत्या अक्रोडाच्या लाकडावरचं कोरीवकाम बघून कोणी म्हणालं की नावाचेच पैसे घेतात, तर ते पूर्ण खरं नाही.

आता नेम हलतो का? दुकानदार आणि सोबती दोघेही खरंच बोलतायत, पण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. तीच नळी, तिच्यावरचा तोच स्कोप काढून परत तिथेच बसवला, तर चांगल्या स्विच-बॅरल रायफलीत नेम शिकारीपुरता जागेवर येतो. शंभर मीटरवर दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी हरणाच्या छातीत त्याने काही बिघडत नाही. दुकानदार सांगतो ते हे. पण .३०-०६ काढून .२२३ लावली आणि स्कोप तोच ठेवला, तर गोळी कुठल्या कुठे लागेल. नळी वेगळी, गोळी वेगळी, वेग वेगळा. मग झीरो नव्याने करायचा, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी पुन्हा जुळवायची, नाहीतर दोन नळ्यांमधला फरक क्लिकमध्ये लिहून ठेवायचा आणि दरवेळी टरेट, म्हणजे स्कोपवरची नेमाची चकती, तेवढे क्लिक फिरवायची. ०.१ मिलरॅडियनचा एक क्लिक शंभर मीटरवर १ सेंटिमीटर हलवतो, कोनाच्या पाव मिनिटाचा क्लिक सुमारे ७ मिलिमीटर. कागदावर सोपं आहे. पहाटेच्या अंधारात, थंडीने बोटं आखडलेली असताना 'मागच्या वेळी डावीकडे आठ फिरवले होते की सहा' हा प्रश्न पडला की सोपं राहत नाही.

म्हणून जे लोक खरोखर नळ्या बदलत राहतात, ते बहुधा प्रत्येक नळीला स्वतंत्र स्कोप ठेवतात. आर८ ची रचनाच त्याला पोषक आहे, कारण तिचं सॅडल माउंट, म्हणजे स्कोपची बैठक, नळीवरच बसतं आणि नळीबरोबर स्कोपही उचलला जातो. हेलिक्ससारख्या रायफलीत माउंटची जागा रिसीव्हरवर आहे. तिथे नळी बदलली तरी स्कोप मागेच राहतो, त्यामुळे स्कोपही बदलायचा किंवा क्लिक मोजायचे. दुकानात बहुतेक लोक हा प्रश्न विचारतच नाहीत आणि वापरताना सगळ्यात जास्त याचाच फरक पडतो.

इथून 'स्वस्त पडेल ना'कडे येतो. दुसरी नळी म्हणजे नुसती नळी नसते. नळी आली की तिच्या काडतुसाच्या बुडाएवढं बोल्टहेड लागतं, मॅगझिनचा आतला भाग लागतो, माउंट लागतं, माउंटवर स्कोप लागतो आणि त्या काडतुसाचा साठा लागतो. वाचतं काय? दस्ता, चाप आणि बोल्टचा मुख्य भाग. हे तुम्ही महाग रायफलीचे वाचवताय, म्हणून आकडा मोठा दिसतो. पण दुसऱ्या नळीचा सगळा सरंजाम जमेपर्यंत तेवढ्यात एक साधी, नेमकी मारणारी, स्वतंत्र रायफल स्कोपसकट येऊ शकते. तुलना करायची तर हिच्याशी करा. तीन आर८ घेण्यापेक्षा एक आर८ आणि तीन नळ्या स्वस्त, हे खरंच आहे, पण तीन आर८ घ्यायला निघालंय कोण?

शिवाय स्वतंत्र रायफलीचा एक फायदा हिशेबात कधी धरला जात नाही. दोन रायफली असल्या की दोन्ही एकाच वेळी तयार असतात. कपाटातून .२२३ काढली की ती .२२३ असते, झीरो केलेली. एकीची फायरिंग पिन मोडली तर दुसरी हाताशी असते. पाहुणा सोबती आला तर त्याच्या हातात एक देता येते. स्विच-बॅरल मात्र एका वेळी एकच रायफल असते. मिक्सरबरोबर तीन भांडी येतात आणि त्यांतलं एकच कायम चढवलेलं असतं, बाकीची दोन फडताळात. नळ्यांचं बऱ्याच जणांच्या बाबतीत तसंच होतं.

ही तीन काडतुसंही एकमेकांना गैरसोयीची निवडली आहेत. बोल्टहेड काडतुसाच्या बुडाच्या मापावर ठरतं. .२२३ चं बूड सुमारे ९.६ मिलिमीटर, .३०-०६ चं १२, आणि .३७५ एच अँड एचचं पट्ट्यासकट साडेतेरा. म्हणजे तीन नळ्यांना तीन बोल्टहेड आणि मॅगझिनही तीन प्रकारचं. तुमची निवड तिन्ही गटांत एकेक पाय ठेवून उभी आहे, यापेक्षा महाग जोडी जुळवणं अवघड.

नळ्यांचीच हौस असेल तर एका गटात राहा. .२४३, ६.५ क्रीडमूर, .३०८, .३०-०६ आणि ९.३×६२ या सगळ्यांचं बूड १२ मिलिमीटरच्या आसपास आहे आणि बहुतेक बनावटींत यांना एकच बोल्टहेड चालतं. ९.३×६२ कडे जरा लक्ष द्या. बर्लिनच्या ओटो बॉक नावाच्या बंदूककाराने १९०५ मध्ये ते तयार केलं, साध्या माउझर रायफलीत बसेल आणि आफ्रिकेत मोठ्या जनावराला पुरेल असं. रानडुकरासाठी ते आजही युरोपात आवडीने वापरतात. .३०-०६ आणि ९.३×६२ ही दोन नळ्यांची जोडी मला समजू शकते. .२२३ आणि .३७५ ही एकाच दस्त्यावरची जोडी कॅटलॉगमध्ये छान दिसते.

.३७५ बद्दल आणखी बोलायला हवं, कारण स्वप्न तिथे आहे. .३७५ एच अँड एच १९१२ चं, आणि आफ्रिकेतल्या कित्येक देशांत रानम्हशीसारख्या धोकादायक जनावरासाठी तेच किमान मानतात. काही ठिकाणी ९.३ लाही परवानगी असते. जिथे जाणार तिथला नियम जाण्याआधी बघायचा, रायफल घेण्याआधी नाही, कारण अजून देशच ठरलेला नाही. ३०० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला पावणेआठशे मीटरच्या आसपास सुटते. तुम्हाला सवय असलेल्या .३०८ च्या जवळपास दुप्पट धक्का खांद्याला बसतो, आणि आर८ मुळात हलकी रायफल आहे. हा धक्का सोसवत नाही असं नाही, पण सवय करावी लागते. काठीच्या आधाराने उभं राहून, लागोपाठ दुसरा बार टाकत, वरचेवर सराव. वर्षातून एकदा .३७५ ची नळी चढवून चार गोळ्या मारणारा माणूस म्हशीसमोर उभा राहिला तर त्याच्या शेजारच्या व्यावसायिक शिकाऱ्याला काळजी वाटते आणि ती रास्त असते.

यात एक जुना वादही आहे. धोकादायक जनावरासाठी अनेक जण माउझर पद्धतीचा बोल्टच पसंत करतात. त्याचा लांब नखासारखा एक्स्ट्रॅक्टर मॅगझिनमधून वर येतानाच काडतुसाची कड पकडतो, त्यामुळे घाईत अर्धवट बोल्ट मारला तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत. ब्लेझर काडतूस नुसतं पुढे ढकलते. आर८ ने म्हशी मारणारे पुष्कळ आहेत, तेव्हा त्याने काम होत नाही असं मी म्हणणार नाही. पण जी शिकार आयुष्यात एकदा व्हायची, तिच्यासाठी आजच नळी घेऊन ठेवू नका. सफर नक्की झाली, तारखा ठरल्या की घ्या, किंवा तिथेच आयोजकाकडून रायफल भाड्याने मागा. बहुतेकांकडे मिळते. मग तिच्यासाठी विमानतळावरची कागदपत्रंही करावी लागत नाहीत.

पण विमानाने शिकारीला जाणाऱ्यासाठी या रायफलीची बाजूही सांगतो. नळी सुटी करून ठेवली की पेटी मीटरच्या आत मावते. साध्या रायफलीची पेटी सव्वा मीटरपर्यंत जाते, ती टॅक्सीत बसत नाही आणि विमानतळावर सगळ्यांच्या नजरेत भरते. नेम बहुधा जागेवर परत येतो, तरी मुक्कामाला पोहोचल्यावर दोन गोळ्या कागदावर मारायच्याच. काडतुसं आंतरराष्ट्रीय नियमाने प्रवाशामागे ५ किलोपर्यंत, तीही विमान कंपनीने हो म्हटलं तर. मात्र हा सगळा फायदा एका नळीवरही मिळतो, त्यासाठी तीन लागत नाहीत.

एका नळीवर मिळणारे फायदे आणखीही आहेत. आर८ चा बोल्ट सरळ मागे-पुढे होतो, मूठ वर उचलून फिरवावी लागत नाही. हाक्यात धावत्या डुकरावर खांद्यावरून रायफल न हलवता दुसरा बार टाकायचा असेल तर त्याला तोड नाही. चाप स्वच्छ आणि हलका आहे. मॅगझिन आणि चाप एकाच तुकड्यात हाताने बाहेर निघतात, म्हणजे तो तुकडा खिशात घातला की रायफल चालतच नाही. घरात मुलं असतील तर हे मोलाचं आहे, अर्थात कुलूपबंद कपाट तरीही हवंच. आणि सेफ्टीच्या जागी हाताने ताणायची स्प्रिंग असते. अंगठ्याने कळ पुढे ढकलेपर्यंत फायरिंग पिनमागची स्प्रिंग सैलच राहते. चेंबरमध्ये काडतूस ठेवून उतारावर चालणाऱ्याला याचा मोठा आधार वाटतो.

याला दुसरी बाजूही आहे. ती कळ कडक असते. तुमच्या हातात सोबत्याची रायफल खोलीत होती की मचाणावर, हे पत्रात नाही. हातमोजे घालून, हरीण साठ मीटरवर कान टवकारून उभं असताना ती कळ आवाज न करता पुढे ढकलायला शिकावं लागतं. सरळ ओढायच्या बोल्टला अडकलेलं कवच सोडवायची ताकदही कमी. फिरवून उघडायचा बोल्ट मूठ उचलतानाच कवच पिळून सैल करतो. स्वच्छ चेंबर आणि कारखान्याची काडतुसं असतील तर हा मुद्दा कधी आड येत नाही. घरी जास्त दाबाची काडतुसं भरणाऱ्याला येऊ शकतो. आणि मचाणावरून एकच शांत बार टाकणाऱ्याला झटपट दुसऱ्या बाराचं महत्त्व किती, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

एका कंपनीच्या साच्यात अडकण्याचाही विचार करा. ब्लेझरची आर९३ १९९३ मध्ये आली आणि आर८ २००८ मध्ये. सॅडल माउंट दोन्हींना चालतं, पण आर९३ च्या नळ्या आर८ ला बसत नाहीत. ज्यांनी 'पुढे घेऊ' म्हणून आर९३ घेतली होती, त्यांना नंतरची नळी जुन्या बाजारात शोधावी लागली. म्हणून भविष्यातल्या नळ्यांच्या भरवशावर आजची रायफल घेण्यात माझा विश्वास नाही. आणि नळी झिजेल म्हणून दुसरी लागेल, हे कारण तर शिकाऱ्याने देऊच नये. .३०८ ची नळी काही हजार गोळ्या सहज काढते. मचाणावरचा माणूस तोपर्यंत स्वतःच निवृत्त होतो.

मग या रायफलींचं खरं गिऱ्हाईक कोण? ज्याला परवान्यावर मोजक्याच बंदुका ठेवता येतात, पण जास्तीच्या नळ्या ठेवायला कायदा सवलत देतो, तो. एकाच हंगामात आज डोंगरात लांबवरचं जनावर आणि पुढच्या आठवड्यात दाट झाडीत डुक्कर असं ज्याचं खरोखर चालतं, तो. जो वारंवार विमानाने जातो, तो. आणि ज्याला सगळ्या शिकारींत दस्ता, चाप आणि बोल्ट तोच हवा असतो, हात आपोआप चालावा म्हणून, तो. शेवटचं कारण मला सगळ्यात पटतं, पण त्यासाठी नळ्या खरोखर बदलल्या जायला हव्यात. तुमच्या पत्रात यांतलं एकही नाही. कोल्ह्यांच्या मागे किती जाता, तेही लिहिलेलं नाही. लिहिण्याइतकं जात असतात तर लिहिलं असतं असं मला वाटतं.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. नळी म्हणजे नुसता सुटा भाग की नोंद करायची वस्तू, हे देशागणिक बदलतं. युरोपीय संघाच्या नियमांत नळी आणि बोल्ट हे दोन्ही बंदुकीचे अत्यावश्यक घटक धरले आहेत. ब्रिटनमध्येही नळी परवान्यावर चढवावी लागते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात मात्र रिसीव्हर हीच बंदूक आणि नळी सुटी विकत मिळते. तुमच्या इथे तिसरी नळी परवान्यातली तिसरी जागा खाणार असेल, तर तुमच्या हिशेबातला उरलासुरला फायदाही संपतो. दुकानदाराला नाही, परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा.

अनेक नळ्या बाळगणाऱ्याने एक सवय मात्र लावूनच घ्यावी: मचाणावर जाताना खिशात एकाच प्रकारची काडतुसं. एका नळीचं काडतूस दुसऱ्या नळीत दरवेळी अडतंच असं नाही. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये बसू शकतं, आणि बार काढला तर रायफल फुटते.

आता माझं मत. तीन नळ्यांची आर८ घेऊ नका. स्वस्त पडणार या कारणासाठी तर मुळीच नाही, कारण ती पडत नाही. काम भागवायचं असेल तर त्या पैशांतला थोडाच भाग काढा आणि आहे त्या .३०८ वर अंधुक उजेडातही साफ दिसेल असा उत्तम स्कोप चढवा. ८×५६ (आठपट मोठं दाखवणारा, ५६ मिलिमीटर भिंगाचा) सारखा स्कोप डोळ्यापर्यंत ७ मिलिमीटरचा उजेडाचा झोत आणतो, आणि अंधारात पूर्ण फाकलेली बाहुली साधारण तेवढीच असते. मचाणावर बसणाऱ्याला संध्याकाळची शेवटची पंधरा मिनिटं कोणत्याही नळीपेक्षा या काचेमुळे मिळतात. कोल्ह्यांचं खरंच मनावर घेतलं तर एक साधी .२२३ वेगळी घ्या. उरलेल्यातून काडतुसं घ्या आणि मारा.

आणि पत्र वाचताना मला जे वाटलं ते खरं असेल, म्हणजे तुम्हाला कामासाठी नाही तर ती रायफलच हवी असेल, तर तसं घरात सरळ सांगा. हौसेला मोल नाही. सुंदर यंत्र हातात असावंसं वाटणं हे पुरेसं कारण आहे, घरचा बाकी खर्च अडत नसेल तर. फक्त त्याला बचतीचे कपडे चढवू नका, कारण ते बायकोला पटत नाहीत आणि मनातून तुम्हालाही नाहीत. मग एकच नळी घ्या आणि दुसरीचा विचार दोन हंगाम पूर्ण झाल्यावर करा. त्या दोन हंगामांत 'आत्ता दुसरी नळी हवी होती' असं प्रत्यक्ष जंगलात किती वेळा वाटलं, ते वहीत लिहीत जा. दुकानात किंवा रात्री फोनवर चित्रं बघताना वाटलं ते धरायचं नाही.

पैसे देण्याआधी मात्र सोबत्याला एक दिवस रेंजवर घेऊन जा. त्याच्या रायफलीने शंभर मीटरवर एकाच कागदावर तीन गोळ्या मारा. नळी काढा, बैठकीच्या जागा पुसा, चावी नेहमीएवढीच घट्ट करून परत बसवा आणि आणखी तीन मारा. हे आणखी दोनदा करा. बैठकीत तेलाचा थर किंवा गवताची काडी राहिली तर काय होतं, तेही एखाद्या वेळी कळेल. सगळ्या गोळ्या नेहमीच्या जुडग्यातच बसल्या तर दुकानदाराचं म्हणणं त्या रायफलीपुरतं खरं. त्याच दिवशी ती कडक कळ बसून, वाकून, हातमोजे घालून चालवून बघा, आणि दस्ता गालाला कसा लागतो तेही. कित्येकांची हौस या दिवशी फिटते. ज्यांची फिटत नाही त्यांनी खुशाल घ्यावी.

जुनी .३०८ कुठल्याही परिस्थितीत विकू नका. साध्या, वापरलेल्या रायफलीला भाव येत नाही, आणि आर८ घेतली तरी मुसळधार पावसात, काट्याकुट्यात किंवा गाडीच्या मागच्या भागात आपटत न्यायची वेळ आली की तुम्ही तीच उचलाल.